खेळायला हरकत नाही

१४ जून

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र कंपनीच्या पत्त्यावर आलं. तिथल्या मुलीने ते चाहत्यांच्या गठ्ठ्यात टाकलं होतं. तिची चूक नाही, पाकिटावर तू 'मॅडम यांस' असं लिहिलं होतंस. आत मात्र मॅडमही नाही आणि आत्याही नाही, सरळ 'तुम्ही'. तुम्ही खेळून घेतलंत, तुम्ही नाव कमावलंत, आणि आता आमच्या खेळाला कुलूप लावलंत. वाचताना तुझ्या बाबांचाच आवाज कानात येत होता. लहानपणी माझ्यावर चिडला की तोही मला एकदम 'तुम्ही' म्हणायचा.

भिंगरी म्हणते म्हणून रागावू नकोस. तुझं नाव ठेवलं तेव्हा मला कोणी बोलावलं नव्हतं. तू चालायला लागलीस आणि घरभर गरागरा फिरायला लागलीस, तेव्हा हे टोपणनाव तुझ्या आईने मला गुपचूप कळवलं. मला तेच जवळचं आहे.

आता तुझा आरोप. शाळांच्या स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाची हृदयतपासणी सक्तीची झाली ती माझ्यामुळे, हे खरं आहे. त्यासाठी मी वर्षानुवर्षं स्पर्धेच्या साहेबांच्या केबिनबाहेर बसले. माझे पाय कुठल्याच बाकाखाली मावत नाहीत, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक शिपाई अडखळायचा आणि मला ओळखायचा. कामं त्यामुळेच झाली असतील. तपासणी शिबिरात तुझ्या हृदयाचा आलेख बिघडलेला निघाला, मोठ्या हॉस्पिटलात हृदयाची सोनोग्राफी झाली, स्नायू जाड झालाय असं कळलं आणि डॉक्टरांनी तुझा बास्केटबॉल बंद केला. तेव्हा पत्र तू योग्य पत्त्यावरच पाठवलंस.

पण 'तुम्ही मरेपर्यंत खेळलात, मग मीच का नको' असं जे लिहिलंयस, त्याला माझ्याकडे उत्तर आहे. मी खरोखरच मरेपर्यंत खेळले.

तेव्हा तुझा जन्मही व्हायचा होता. मी देशाच्या संघाची कप्तान. उपांत्य सामना, शेवटचा क्वार्टर. मी रिबाउंड घेतला, वळले, आणि पुढचं मला इतरांनी सांगितलंय. मी तोंडावर आपटले. पंचांनी शिट्टी वाजवली नाही, कारण मला कुणी धक्काच दिला नव्हता. आमच्या बेंचवरच्या मुली आधी हसल्या. मला संघात शिडी म्हणायचे, त्यांना वाटलं शिडी कोसळली. समोरच्या संघाची फिजिओ धावत आली आणि तिने छाती दाबायला सुरुवात केली. शॉक देणारं यंत्र त्यांच्या सामानात होतं, आमच्या नव्हतं. ज्यांना हरवायला गेले त्यांनीच मला परत आणलं. बरगड्या मोडल्या, पुढचे दात गेले. जाहिरातीत दिसतात ते दात बसवलेले आहेत. गळ्याच्या हाडाखाली एक डबी बसवलेली आहे. हृदयाने ताल सोडला की ती आतून लाथ घालते.

तुझ्या वयाची असताना मलाही धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. प्रशिक्षक म्हणायचे, दम कमी पडतोय, आणखी पळ. मी आणखी पळायची.

घरात हळूहळू ड्रिबल केलं तर चालेल का, असं विचारलंयस. माझ्या डॉक्टरीणबाईंना विचारून कळवते. माझं हृदय इतकी वर्षं त्यांच्या हातात आहे आणि त्या कुणाला खोटा धीर देत नाहीत. तोवर चेंडू कपाटावर ठेव. मला शिव्या द्यायच्या असतील तर पत्राने दे, मी वाचते.

तुझी आत्या

९ जुलै

प्रिय भिंगरी,

या पत्रात एकदा 'आत्या' असं आलंय. आधी काहीतरी वेगळं लिहून खोडलेलं दिसतंय. तरी पुरे आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जागच्या जागी ड्रिबल कर, पळू नकोस, उड्या मारू नकोस, आणि घरात कुणी असतानाच कर.

तुमचं आणि बाबांचं काय बिनसलं, घरात कुणीच सांगत नाही, असं लिहिलंस. मी सांगते.

तुझे आजोबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कंपनीच्या वार्षिक खेळांत रस्सीखेच होती. त्यांचा गट जिंकला. दोर सोडून ते हसत मागे वळले, खाली बसले, आणि बसल्याबसल्या आडवे झाले. तुझे बाबा सरबताचा ग्लास घेऊन त्यांच्याकडेच निघाले होते. शाळेत होता तेव्हा तो. सगळे म्हणाले, ऊन लागलं. आम्ही घरीही तेच म्हणत राहिलो. आजोबांची चाळिशीही झाली नव्हती.

मी पडल्यावर डॉक्टरीणबाईंनी घरातल्या एकेकाची चौकशी केली आणि म्हणाल्या, ते ऊन नव्हतं. हे रक्तातून आलंय, भावाने तपासून घ्यावं. तुझे बाबा म्हणाले, बघू. पुढे हॉस्पिटलात एक पत्रकार आली, तिला मी सगळं सांगितलं. वडील यानेच गेले, आमच्या घराण्यात हे आहे, ज्यांच्या घरी कुणी तरणंताठं माणूस असं अचानक गेलं असेल त्यांनी पोरं दाखवून घ्या. तेव्हा तुझ्या बाबांचं लग्न ठरलं होतं. तुझ्या आईशी नाही, दुसऱ्या मुलीशी. मुलाखत छापून आली आणि तिच्या घरून निरोप आला की अशा घरात आम्हाला मुलगी द्यायची नाही.

तो माझ्या खाटेपाशी आला. पेपर माझ्या पायांवर ठेवला.

"माझ्याबद्दल तू कशाला बोललीस?"

"तुझं नाव कुठे घेतलंय मी?"

"बाप एकच आहे ना आपला?"

एवढंच बोलला. मग आला नाही, ते आजपर्यंत.

मी बोलले ते चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ती मुलाखत वाचून कितीतरी लोकांनी पोरं तपासून घेतली. पण त्या मुलीवर त्याचा जीव होता, हे मला माहीत नव्हतं. ते मला तुझ्या आईने सांगितलं. तिला ते सांगताना काय वाटलं असेल, याचा विचार तू जरा मोठी झालीस की कर.

तुला हा आजार कुठून आला, असं तू एका ओळीत विचारलंस आणि पुढच्याच ओळीत 'बाबा ठणठणीत आहेत' असं लिहिलंस. त्या दोन ओळी एकत्र वाच. जमलं तर त्यालाही वाचून दाखव.

खेळ गेला तर दिवसभर करायचं काय, हा तुझा तिसरा प्रश्न. मी पहिलं वर्षभर काहीच केलं नाही. पडदे ओढून पडून राहायची. मग माझा आत्ताचा भागीदार आला. तो बुटांच्या दुकानात विक्रेता होता, माझ्या मापाचे बूट कुठून कुठून शोधून आणायचा. म्हणाला, "ताई, तुमच्यासारख्या लांब पायांच्या पोरी खूप आहेत, बिचाऱ्या भावाचे बूट घालून खेळतात." तिथून सुरुवात झाली. आधी बूट, मग सरावाची कोर्टं, मग तपासणी केंद्रं. मी शाळाशाळांतून सांगत फिरायची की धडधड झाली, अंधारी आली तर लपवू नका. पोरं चिडीचूप ऐकायची. बाहेर भागीदार टेबल मांडून बूट विकायचा. मला त्यात वावगं वाटलं नाही, त्याच पैशांवर केंद्रं उभी राहिली. मोठ्या हॉस्पिटलात महिनोन्महिने नंबर लागायचा नाही, म्हणून आमच्या केंद्राचा दाखलाही स्पर्धेला चालावा, असा नियम मीच भांडून करून घेतला.

सांगायचं इतकंच की खेळ गेल्यावरही सकाळी उठायला काहीतरी कारण सापडतं. लगेच नाही सापडत.

तुझी आत्या

२१ ऑगस्ट

भिंगरी,

तुझं पत्र आणि सोबतची दाखल्याची झेरॉक्स मिळाली. 'खेळायला हरकत नाही.' शिक्का, सही, आणि कोपऱ्यात हातात चेंडू घेऊन हसणारी मी. खाली तू लिहिलंयस, 'बघा, तुमच्याच फोटोखाली बसून मला सांगितलं की मी ठीक आहे.' बाबा घेऊन गेले होते म्हणतेस.

काल मी तुमच्या गावातल्या त्या केंद्रावर जाऊन आले. बसने गेले, कुणाला न कळवता. तुमच्या घरावरूनच बस गेली, मी उतरले नाही.

बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर आईबाप आणि पोरं, भिंतीवर माझा दारापेक्षा मोठा फोटो. आत तपासणीची खोली. सोनोग्राफीच्या यंत्रावर चादर टाकलेली होती आणि चादरीवर रिकामी खोकी. आलेख काढणारी मुलगी मला बघून गडबडली.

"मॅडम, कळवलं असतंत तर फुलं आणली असती."

"यंत्र बंद पडलंय का?"

"बंद नाही, पण बघणारे डॉक्टरच येत नाहीत. आधी यायचे. आता आम्ही आलेख काढतो, आणि दाखला कॉम्प्युटरच काढून देतो."

"आणि आलेख बिघडलेला आला तर?"

ती माझ्या चपलांकडे बघत राहिली. "वरून सांगितलंय, पुन्हा काढा. सरळ येईपर्यंत काढा. पोरं नापास झाली की शाळा दुसरीकडे जातात, मॅडम."

तुझाही आलेख तिने तसाच काढला असणार. मी विचारलं नाही. बाहेर रांग होती.

तिथून मी तडक भागीदाराकडे गेले. त्याने काही नाकारलं नाही. म्हणाला, "ताई, हजारांत एखादं पोर तसं निघतं. त्या एकासाठी सगळ्या शाळा घालवायच्या?"

"ते एक पोर माझी भाची आहे."

तो खरोखर कळवळला, भिंगरी. खुर्चीतून उठला. म्हणाला, "आधी सांगायचं ना. तिला आपण मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवू." मी पडदे ओढून पडले होते तेव्हा रोज संध्याकाळी येऊन बसायचा हा माणूस. तो वाईट असता तर सोपं झालं असतं. बाकीची पोरंही कुणाची तरी भाची असतात, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. केंद्रं आजच्या आज बंद कर, असं सांगून मी उठले. तो म्हणाला, "बोलू आपण, शांत झालात की."

मी स्पर्धेच्या कार्यालयाला तुझा हॉस्पिटलचा अहवाल दाखवला आणि तुझं नाव यादीतून काढायला लावलं. आता तू माझं तोंड बघणार नाहीस. चालेल मला. पण 'आमच्यातल्या अजून काहीजणींनी तिथूनच घेतलाय' असं जे लिहिलंयस, त्या कोण ते मला कळव. रागातच कळव, पण लगेच कळव.

आत्या

१९ सप्टेंबर

भिंगरी,

तुझं उत्तर नाही, मुलींची नावंही नाहीत. तरी लिहिते.

मी पत्रकारांना बोलावलं. सांगितलं की माझा फोटो असलेले सगळे दाखले फाडून टाका आणि पोरांना पुन्हा तपासा. दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'माजी कप्तान आणि भागीदारात बेबनाव'. एकाने तर तिथेच विचारलं, "मॅडम, स्वतःची वेगळी केंद्रं काढताय का?" इतकी वर्षं लोकांनी मला काहीतरी विकतानाच पाहिलंय. आग लागली म्हणून मी ओरडले, तरी विचारतील, बादल्या कितीला दिल्या.

कंपनीने मला संचालक मंडळावरून काढलं. फोटो मात्र करारात आहे, तो भिंतीवर राहणार. स्पर्धेचे साहेब म्हणाले, फेरतपासणी जरूर करू, पण स्पर्धा झाल्यावर. वेळापत्रक छापून झालंय. मी दोनदा गेले, तिसऱ्यांदा त्यांनी भेट नाकारली. आता कोर्टात अर्ज केलाय, तारीख पडेल तेव्हा पडेल.

आणि तुझ्या बाबांचा फोन आला. आधी आवाज ओळखला नाही. आजोबांसारखा झालाय.

"पोरीचं नाव तू काढलंस?"

"हो."

"आधी माझं लग्न मोडलंस. आता हिचा खेळ."

"तो दाखला खोटा आहे हे तुला कळत नव्हतं?"

मग म्हणाला, "ती जेवत नव्हती, शिडे. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. कागद आणला त्या दिवशी उठली, दोन घास खाल्ले. मी काय करायला हवं होतं?"

"तू स्वतः कधी तपासून घेतलंस का?"

त्याने फोन ठेवला.

हे तुला अशासाठी सांगते की त्या कागदाबद्दल तू उद्या त्याला दोष देशील. दे, पण तो का गेला तेही माहीत असू दे. त्याला तुला उठून बसलेलं बघायचं होतं.

तुझ्या आईकडून कळलं की तू बेंचवर बसायला तयार झालीस, टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. मला वाटतं, कोर्टावर उतरण्यापेक्षा ते अवघड आहे. मला जमलं नव्हतं. पडल्यानंतर कितीतरी वर्षं मी हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही.

आत्या

२ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

चौकशी समितीने मला घडलं ते लिहून मागितलंय. त्यांना देण्याआधी तुला पाठवते आहे. तू तिथे होतीस, तुला वेगळं काही सांगण्यासारखं नाही. पण तुझी आई म्हणाली की तू कुणाशी बोलत नाहीस, आणि बोललीस तर एकच बोलतेस, डावरीला मीच त्या केंद्रात पाठवलं. म्हणून तू हे पूर्ण वाच.

सामन्याच्या दिवशी मी हॉलवर आले ती तुमच्या प्रशिक्षक बाईंना भेटायला. म्हटलं, ज्या मुलींकडे आमच्या केंद्राचा दाखला आहे त्यांना उतरवू नका. त्या म्हणाल्या, "मग माझा संघच उभा राहत नाही. आणि मॅडम, दाखल्यावर तर तुमचा फोटो आहे." मी पंचांकडे गेले, त्यांनी नियम दाखवला. तो माझाच नियम होता. मी वर जाऊन बसले. तुझे बाबा दुसऱ्या टोकाला बसले होते. आम्ही एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही मान फिरवली.

तुझ्या मैत्रिणीला, त्या डावरीला, मी पहिल्यांदाच पाहत होते. डाव्या हाताने खेळायची म्हणून तुम्ही तिला ते नाव दिलं असेल. काय खेळायची ती मुलगी. समोरच्या मुली उजवीकडे झेपावायच्या आणि ही भलतीकडूनच निघून जायची. मी आले कशासाठी होते तेही मी थोडा वेळ विसरले. एकदा ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली. मी उठून उभी राहिले. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिने हातानेच 'काही नाही' म्हटलं. मी बसले.

मध्यंतरानंतर तिने उडी मारली, हातातून चेंडू सोडला, खाली आली, आणि पायांनी तिला धरलंच नाही.

पायऱ्या मी कशा उतरले आठवत नाही. नाडी नव्हती. मी छाती दाबायला लागले आणि यंत्र आणा म्हणून ओरडले. शॉक देणारं यंत्र त्या हॉलमध्ये होतं. आमच्याच कंपनीने दिलेलं, माझ्याच हातून, समारंभ करून. ते कार्यालयातल्या काचेच्या कपाटात होतं, चोरीला जाऊ नये म्हणून कुलूप लावून ठेवलेलं, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेला होता. तू पळालीस. मी ओरडले, तू नको, तू पळू नकोस. तू ऐकलं नाहीस. खुर्ची घालून काच तू फोडलीस.

माझे हात भरून आले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "सरक." तुझे बाबा होते. ते दाबत राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी म्हटलं, तू थांब, दुसऱ्या कुणाला तरी करू दे. ते म्हणाले, "आपली पोर असती तर थांबलो असतो का?" यंत्राने शॉक दिला, पुन्हा दिला. ते यंत्र नीट चालत होतं, भिंगरी. किल्ली शोधण्यात आणि काच फोडण्यात जो वेळ गेला, तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

आता तुझं म्हणणं. शिबिराच्या दिवशी डावरी तापाने घरी होती. नंतर तू तिला म्हणालीस, आत्याच्या केंद्रात जा, लगेच देतात. तू तसं म्हणालीस हे मी खोडून काढणार नाही, तुला पटणारही नाही. पण तुला तुझी मैत्रीण संघात हवी होती, आणि त्या खोलीत गेलं की दाखला मिळतो एवढंच तुला माहीत होतं. केंद्रातल्या आलेख काढणाऱ्या मुलीने समितीपुढे कबूल केलंय की डावरीचा आलेख पहिल्यांदा बिघडलेलाच आला होता. ती पुन्हा पुन्हा काढत राहिली. काढणारी मोठी होती, तिला तसं सांगणारा मोठा होता, तो कागद चालावा म्हणून भांडलेली मी मोठी होते. समितीला मी हे सगळं लिहिलंय, माझ्या वाट्याचं काही गाळलेलं नाही. तुझा उल्लेख फक्त काच फोडणारी मुलगी एवढाच आहे.

मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. आईजवळ बोल. जेव.

तुझी आत्या

११ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आलं. एवढ्या आठवड्यांनी, आणि एकच ओळ. 'आत्या, डावरीच्या आईकडे माझ्यासोबत याल का?'

येईन. पण आधी बाकीचं सांगते.

केंद्रांना सील लागलं. भागीदार जामिनावर बाहेर आहे. एकदा फोन केला होता, नुसता रडत होता, मी ऐकून घेतलं आणि ठेवला. बुटांची दुकानंही गेली, तिथल्या मुलींचा यात काही दोष नसताना. खटल्यात माझंही नाव आहे. वकील म्हणतात, सुटाल. मी त्यांना म्हटलं, घाई करू नका. शाळांतून आता मला कुणी बोलावत नाही. परवा एका शाळेत मीच फोन केला, तपासणीबद्दल बोलायला येऊ का म्हणून. मुख्याध्यापिका फार सभ्यपणे म्हणाल्या, सध्या नको. त्या शाळेतली पोरं आता तपासतील की नाही, कोण जाणे. ज्या कामासाठी एवढी वर्षं घालवली त्यावरचाच लोकांचा विश्वास उडाला, याचं मला सगळ्यात जास्त लागतं.

तुझ्या बाबांनी तुला सांगितलं की नाही मला माहीत नाही, म्हणून मी सांगते. ते डॉक्टरीणबाईंकडे आले होते, मला घेऊन. त्यांच्याही हृदयाचा स्नायू जाड आहे, तुझ्यापेक्षा जास्त. डबी बसवावी लागेल. ऐकल्यावर म्हणाले, "म्हणजे बाबांना ऊन लागलं नव्हतं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही." बाहेर पडताना तुझ्या बाबांनी माझी जड पिशवी उचलली. वजन उचलू नका, असं नुकतंच सांगितलं होतं. आम्ही जिन्यात भांडलो, लोक थांबून बघायला लागले. मला बरं वाटलं.

आता डावरीच्या आईचं. मी एकदा तिच्याकडे जाऊन आले आहे, तुला बोलले नव्हते.

ती कपडे शिवते. दार उघडलं तेव्हा गळ्यात माप घ्यायची टेप होती. मला बघून म्हणाली, "तुम्हीच ना त्या?" मी हो म्हटलं. मला वाटलं होतं दार लावून घेईल, नाहीतर बोलेल काहीतरी. बोलली असती तर ऐकायची तयारी करून गेले होते मी. तिने मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि मशीनवर जाऊन बसली. हातातलं काम थांबवलं नाही. कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाची बाही होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही दाबत होता ना छाती. पेपरात वाचलं."

मग म्हणाली, "डॉक्टर येऊन गेले, पोलीस येऊन गेले, समितीवाले आले. सगळे मला हृदयाचंच सांगतात. मला एक कुणीच सांगत नाही."

"काय?"

"तिने शेवटी चेंडू टाकला ना, तो आत पडला का?"

मला माहीत नव्हतं, भिंगरी. मी तिच्याकडे बघत होते, चेंडूकडे नाही. मी तसंच सांगितलं. तिने मान हलवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. मी नंतर तुमच्या बाईंना विचारलं, पंचांना विचारलं, तुझ्या बाबांनाही विचारलं. सगळ्यांना ती पडलेलीच आठवते. सामना रद्द झाला, त्यामुळे कागदावरही काही नाही.

बेंच रिंगच्या अगदी जवळ होता. तू खेळाडू आहेस, तुझी नजर चेंडूवर असणार. तुला माहीत असेल तर तिला सांग. पडला असेल तर पडला म्हण, नसेल तर नाही म्हण. तिला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. खोटं ऐकून झालंय तिचं. आणि तुला माहीत नसेल तर तेही सांग, आपण दोघी तिच्याजवळ थोडा वेळ बसू.

तू पाठवलं होतंस तिला केंद्रात, हेही तुला सांगावंसं वाटेल. सांगायचं की नाही ते तू ठरव. मी शेजारी असेन.

रविवारी सकाळच्या बसने येते. थांब्यावर बाबांना घेऊन ये, किंवा एकटी ये. मी लांबूनच दिसते.

तुझी आत्या